काशिनाथने गुळगुळीत केलेली भिंत

काशिनाथ पेंटर कोणाच्याही घरात शिरला की आधी माणसांकडे बघत नसे, भिंतीकडे बघे. नमस्कार-चमत्कार सगळे नंतर. चपला दारात काढायच्या, सरळ आत जायचं आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात भिंतीवर ठेवायचा. मग मान हलवायची. ती भिंत त्याने स्वतः केलेली असेल तर मान वरखाली हलायची आणि दुसऱ्या कोणी केलेली असेल तर आडवी. घरमालकाला त्याचा राग येतो हे त्याला कधी कळलं नाही. श्रीवर्धनात निम्म्या लोकांनी त्याला एकदा तरी घराबाहेर काढलं असेल, आणि त्याच लोकांनी गणपतीच्या आधी त्याच्या हातापाया पडून त्याला परत बोलावलं.

तो माझा विद्यार्थी. गाव म्हसळ्याच्या अलीकडे आत डोंगराकडे, घरची भातशेती, रोज एसटीने हायस्कुलात यायचा. अभ्यासाच्या नावाने आनंद होता. तासाला मागच्या बाकावर बसून ब्लेडच्या तुकड्याने बाक तासत बसायचा. मी एकदा त्याला त्यासाठी उभं केलं, तर म्हणाला, "बाई, खडबडीत व्हता. लिवताना पेन आडकतंय." लिहीत तर काहीच नव्हता. दहावीला गणितात आपटला आणि मुंबईला गेला. तिथे मोठमोठ्या ऑफिसांत जिप्समच्या बोर्डाची पार्टिशनं उभी करायचं काम असतं, त्यात तो शिरला आणि त्यातल्याही शेवटच्या कामात, म्हणजे बोर्ड उभे राहिल्यावर त्यांची एकसंध भिंत करण्यात, त्याचा हात बसला. करोनात ऑफिसं बंद पडली तेव्हा तो गावी परतला. त्याच पावसाच्या तोंडावर आमच्याकडे वादळ झालं, अर्ध्या गावाची छपरं उडाली. त्याला कामाला तोटा राहिला नाही.

त्याचं काम बघत बसणं हा माझा निवृत्तीनंतरचा छंद म्हटला तरी चालेल. दोन बोर्डांच्या जोडावर तो जाळीची पट्टी चिकटवायचा, वर पत्र्याच्या पट्टीने पुट्टी ओढायचा, ती वाळली की पॉलिश पेपरने घासायचा. परत पुट्टी, परत घासणं. मग बल्ब. लांब वायरीला लावलेला एक बल्ब तो भिंतीला अगदी टेकवून धरायचा आणि त्या आडव्या उजेडात गाल भिंतीला लावून एका डोळ्याने बघायचा. आपल्याला सपाट दिसणाऱ्या भिंतीवर त्याला उंचवटे दिसायचे. त्यावर पेन्सिलीने गोल काढायचे आणि परत घासायचं. नाकाला रुमाल, पापण्या पांढऱ्या, भुवया पांढऱ्या. आमची हवा समुद्राची, पुट्टी लवकर वाळत नाही. घरमालक घाई करू लागला की तो पट्टी खाली ठेवून म्हणायचा, "भितीला झोपूंदे. झोपेतून उठवली तं चिडंल ती." आणि खरोखरच काम टाकून निघून जायचा. ती झोपली की प्रायमर, आणि मग रंगाचे हात.

गर्व म्हणाल तर डोंगराएवढा होता. कोणाकडे काम संपलं की गल्लीतल्या जाणाऱ्या-येणाऱ्याला हाताला धरून आत आणायचा. "हात लावून बगा. जोड कुठं हाय सांगा." एकदा पोस्टमनला असा आत ओढला, तो बिचारा सायकल रस्त्यात उभी करून भिंत चाचपत बसला होता. जोड कुणालाच सापडायचा नाही. मग काशिनाथ खुशीत हसायचा आणि त्याच्या भुवयांवरची भुकटी खाली सांडायची.

पण या गर्वाच्या पोटात दुसरंच काहीतरी होतं. माणूस फार मनाला लावून घेणारा. आमच्या इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात त्याने भिंत केली होती. पुढे बऱ्याच काळाने एका सकाळी तो पट्टी-पेपर घेऊन तिथे हजर. डॉक्टर म्हणाले, मी बोलावलेलं नाही. तर हा म्हणतो, "कपाटामागं एक जागा हाय. त्या दिवशी माज्या पोरीला ताप व्हता, मी घाईनं सोडली." डॉक्टरांनी सांगितलं की कपाट कधी हलवणार नाही, कोणाला दिसणार नाही. काशिनाथ तिथेच पेशंटांच्या बाकावर बसून राहिला. "तुमाला न्हाय दिसत, मला दिसते," एवढंच म्हणत होता. शेवटी कंपाउंडर आणि दोन पेशंटांनी मिळून औषधांचं कपाट ओढलं, त्याने कोपरा घासला, रंगवला आणि चहासुद्धा न घेता गेला. डॉक्टर हे सांगताना हसतात. मीही हसायचे.

त्याचा आणखी एक नेम होता. एका घरातलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही. रंगारी म्हणजे घरात दिवसेंदिवस वावरणारा माणूस. त्याच्यासमोर भांडणं होतात, लग्नं मोडतात, फोनवर नाही नाही ते बोललं जातं. एकदा तो आमच्या शेजारच्या घरी काम करत होता आणि तिथल्या मुलीला बघायला लोक येऊन गेले होते. मला राहवेना. मी त्याला चहाला बोलावून, पुढे बशीत दोन लाडू ठेवून, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, काय झालं तिकडे?" त्याने लाडू संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "अजून वली हाय, बाई." मुलगी ओली की भिंत ओली, ते त्याचं त्याला ठाऊक. दुसरा लाडूही त्याने खाल्ला.

आता आमच्या घरचं सांगते. घरचं म्हणजे माहेरचं. मी इथेच दोन गल्ल्या पलीकडे दिलेली, त्यामुळे माहेर कधी सुटलं नाही. तिथे माझे दोन भाऊ, मोठा दादा आणि धाकटा विनू. वादळात आमच्या वाडीतली सुपारी आडवी झाली. दादाचं म्हणणं, परत लावू. विनूचं म्हणणं, सुपारी धरेपर्यंत आपण म्हातारे होऊ, तिथे चार खोल्या काढू, पर्यटक येतात. दोघांचंही बरोबर होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं, म्हणूनच बहुधा भांडण इतकं पेटलं. वाडीची वाटणी झाली ती झाली, मग घराची निघाली. मधली मोठी खोली दोघांनाही हवी. विनूने वीट-सिमेंटची गोष्ट काढली तेव्हा मी मध्ये पडले. म्हटलं, "विटांची कशाला घालता? बोर्डाची घाला. उद्या राग गेला की काढता येते." तेवढ्यावर दोघेही तयार झाले. मला वाटलं, मी घर वाचवलं.

काशिनाथला मीच बोलावलं आणि बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ, नुसते बोर्ड उभे कर. जोड उघडे राहू देत. पुट्टी नको, रंग नको, काही नको. कच्ची दिसली पाहिजे, डोळ्यात खुपली पाहिजे." त्याला कळलं. "व्हय बाई," म्हणाला, "कच्चीच ठेवतो." तसं त्याने मला वचनच दिलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी गेले तर तो बल्ब भिंतीला टेकवून, गाल लावून उभा. जोड बुजवलेले, अर्धी भिंत घासून झालेली. मला बघून चोरासारखा झाला. "काय करू बाई, उगडे जोड बगवत न्हाईत. हात आपोआप जातो." मी त्याला तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं. वर्गात पन्नास पोरांना गप्प करत आलेली बाई मी, एका काशिनाथला थांबवू शकले नसते असं नाही. पण त्याने म्हटलं, "हात तं लावून बगा," आणि मी हात लावला. खरं सांगते, इतकी सुरेख भिंत आमच्या घरात कधी नव्हती. माझ्या तोंडून "वा" निघून गेलं. मग काय, प्रायमर झाला, रंग झाला. दादाच्या बाजूला फिकट पिवळा, विनूच्या बाजूला पांढरा.

आणि ती भिंत कोणाच्याच डोळ्यात खुपली नाही. वहिनीने तिच्यावर देवांच्या तसबिरी लावल्या, विनूकडे टीव्ही लागला. आले-गेले म्हणू लागले, खोल्या कशा आटोपशीर झाल्या. भांडण पुढे थंड झालं, पण भिंत राहिली, आणि भिंत राहिली म्हणून अबोलाही राहिला. दारं दोन झाली. गणपती दादाकडे बसायचा, विनू बायको-मुलांना घेऊन पुढच्या दाराने यायचा, आरती घ्यायचा, प्रसाद घ्यायचा आणि पाहुण्यासारखा परत जायचा. काशिनाथ मला बाजारात दिसला की मान खाली घालायचा. "उगडी ठेवली आसती तं यवढ्यात पाडली आसती त्यांनी," म्हणायचा. मी म्हणायचे, "अरे, बोर्डाची घाला असं मीच म्हटलं होतं." भाजीवालीसमोर उभं राहून आम्ही दोघं असे दोष वाटून घ्यायचो, आणि ज्यांचा खरा दोष होता त्या भावांच्या घरी त्यातला थोडासाही पोचवायची हिंमत दोघांनाही नव्हती.

दर वर्षी गणपतीआधी तो दोन्ही बाजू स्वच्छ करायला आपणहून यायचा. पाणी कमी लावून कापडाने पुसायचा, कुठे टवका गेला असेल तर भरायचा. एका बाजूचं झालं की अंगणातून वळसा घालून दुसऱ्या दाराने आत. त्या भिंतीची दोन्ही तोंडं एका दिवसात बघणारा तो एकटाच माणूस. मीही दोन्हीकडे जायचे, पण माझं लक्ष माणसांकडे, चहाकडे, वहिनीच्या तक्रारींकडे.

मग दादाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. विनूनेच गाडी काढून त्याला माणगावच्या हॉस्पिटलात नेलं, आठवडाभर तिथे राहिला. घरी आणल्यावर मात्र पुन्हा तेच. दुपारी चारला वहिनी दादाला ओटीवर खुर्चीत आणून बसवायची, लोक तिथेच भेटायला यायचे. विनूही यायचा, उभ्या उभ्या वहिनीला विचारायचा, "काल जेवला का?" दादा त्याच्याकडे बघत राहायचा. विनूला ते बघणं सहन व्हायचं नाही, तो फाटकाकडे बघायचा. मी एकदा म्हटलं, जवळ बस जरा. म्हणाला, "बसून बोलू काय, ताई? इतकी वर्षं बोललो नाही, आता तो उत्तर देऊ शकत नाही तेव्हा बोलू?" 

त्याच वर्षी श्रावण सरताना काशिनाथ नेहमीप्रमाणे आला. काय घडलं ते त्याने मला फार नंतर सांगितलं, दादा गेल्यावर.

दादाची खाट त्या भिंतीला लावलेली होती, डावा हात भिंतीकडे. दुपारी घर निजलेलं, काशिनाथ तसबिरी उतरवून वरचा भाग पुसत होता. दादा जागा होता. डाव्या हाताच्या बोटांची पेरं तो भिंतीवर हळूहळू आपटत होता. थांबायचा, कान द्यायचा, परत आपटायचा. तेवढ्यात वहिनी पाणी घेऊन आली. म्हणाली, "चाळा लागलाय त्यांना. दुखण्यातलं असतं ते." काशिनाथने तसबिरी परत लावल्या. काम आटोपून अंगणातून वळसा घालून विनूकडे गेला. तिथे त्याच जागी, भिंतीच्या दुसऱ्या अंगाला, विनूची खाट. पाठदुखीमुळे विनूला खालच्या खोलीत झोपायला लागायचं. तो काशिनाथला म्हणाला, "अरे, तुझ्या या भिंतीत उंदीर शिरलेत. दुपारी पडलं की खुडखुड चालू होते. बघ जरा."

"मला थितंच कळाया पायजे व्हतं, बाई," काशिनाथ मला म्हणाला. "कळलंवी व्हतं. पण तो उंदीर म्हनला आनि माजं डोस्कं फिरलं. माज्या भितीत उंदीर? मी म्हनलो, उंदीर-बिंदीर काय न्हाय, उन्हानं बोर्ड वाजतो. त्यो म्हनला, बरं. मग वाटलं, सांगावं. पन ह्या घरातलं त्या घरात नेलं न्हाय मी कदी. म्हनलं, आपन कोन? भावाभावांचं हाय. गनपती झाल्यावर बगू."

गणपती झाले आणि दसऱ्याच्या आधी दादा गेला. दादाच्या मुलाने अग्नी दिला तेव्हा विनूने त्याच्या खांद्याला धरलं होतं. रडला मात्र नाही. दिवस झाल्यावर पुन्हा आपल्या दाराने आपल्या बाजूला गेला.

पुढे चैत्रात वहिनीने काशिनाथला बोलावलं. खाट काढल्यावर तिथे भिंतीवर डाग दिसत होता. वहिनी दादाच्या हाताला रोज नारायण तेल चोळायची, तो हात भिंतीला लागून लागून तळहाताएवढी जागा काळपट झाली होती. वहिनीला तो बघवत नव्हता. मला म्हणाली, "रंग मारून टाकू दे बाई, माझं लक्ष सारखं तिकडे जातं." मी काशिनाथसोबत थांबले. त्याने हात लावून डाग बघितला, आणि तेव्हा मला वरची सगळी हकीकत सांगितली, पॉलिश पेपर हातात तसाच धरून. मी विचारलं, "विनूला सांगितलंस?" तो म्हणाला, "कुठल्या तोंडानं? तुमी सांगा. न्हायतं नका सांगू." मी तरी कुठल्या तोंडाने सांगणार होते. दोन्ही खोल्यांत मी गेलेली, दोन्ही खाटा मी पाहिलेल्या. त्या एकमेकींना लागून आहेत हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

मग त्याने डबा उघडला आणि रंग लावायला लागला. मी म्हटलं, "अरे, घासलं नाहीस. प्रायमर?" प्रायमरचा डबा पिशवीतच होता. तो मागे न बघता बोलला. "तेलाचा डाग हाय. प्रायमर मारला तं कायमचा गेला. नुसता रंग मारला तं आता झाकंल, पावसात परत वर येतो." एवढं बोलून त्याने डागावर रंगाचा एक हात मारला, बल्बही लावून बघितला नाही. वहिनीने येऊन पाहिलं, छान झालं म्हणाली. त्याने तिच्याकडून काही घेतलं नाही.

आषाढात डाग वर आला. पिवळ्या रंगातून आधी सावलीसारखा, मग पुरता. वहिनी भडकली. "तुझ्या त्या पेंटरचा एवढा डंका, आणि हे काम? ओळखीतल्याला बोलावलं की असंच." आल्या-गेल्याला दाखवू लागली. डॉक्टरांच्या घरीसुद्धा ही गोष्ट पोचली. आपल्या कामाला कोणी नावं ठेवली तर जेवण न जाणारा तो माणूस, आणि गावभर त्याची नालस्ती चालली होती.  एका शब्दात मी त्याची बाजू घेऊ शकले असते, पण तो शब्द उच्चारला की पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

त्या श्रावणात वहिनीने विनूलाच हाक मारली, दुसरा पेंटर बघ म्हणून. दादा गेल्यापासून विनू पहिल्यांदाच आतल्या खोलीत आला. वहिनी बोलत होती, तो डागाकडे बघत होता. खाली वाकून त्याने तो कमरेच्या किती खाली आहे ते बघितलं.

"दादाची खाट इथे होती?" त्याने विचारलं.

"मग कुठे असणार?" वहिनी म्हणाली. "शेवटपर्यंत इथेच. हात सारखा भिंतीवर."

विनू माझ्याकडे वळला. माझ्या तोंडावर दिसलं असणार. तो म्हणाला, "मी उंदीर म्हणालो होतो. काशिनाथला बोलाव, ताई."

काशिनाथ दुसऱ्या दिवशी दुपारी आला. हातात पिशवी नाही, पट्टी नाही, बल्ब नाही. त्याच्या रिकाम्या हातांकडे मी पहिल्यांदाच बघत होते. फाटकाशीच उभा राहिला, आत येईना. विनू पुढे गेला. मला वाटलं आता हा त्याला बोलणार, आणि मनातून मला ते हवंही होतं, कारण मग माझ्या वाटणीचं त्याच्यावर गेलं असतं. विनू बोलला नाही. त्याने काशिनाथला दंडाला धरून आत आणलं, डागासमोर उभं केलं आणि म्हणाला, "दादा कसा वाजवायचा, ते दाखव. मी तिकडे जातो."

अंगणातून वळसा घालून तो आपल्या दाराने आत गेल्याचं आम्हाला ऐकू आलं. मग खाट करकरली. काशिनाथ भिंतीपाशी उकिडवा बसला. त्याने डावा हात वर केला, डागावर ठेवला, आणि तो तसाच राहिला. वहिनी पदराने तोंड झाकून उभी होती. मला वाटलं, हा आता उठून जाणार. पण त्याने डोळे मिटले आणि बोटांची पेरं भिंतीवर हळूच आपटली. थांबला. कान दिला. परत आपटली.

पलीकडे खाट पुन्हा करकरली.

"हेच," भिंतीतून विनूचा आवाज आला. "अजून थोडं वाजव."